कार्व्हरचे शेजारी



कृषी विद्यापीठाच्या सभागृहात वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचलेली माणसं शोधावी लागत नाहीत. १९८१ साली आलेलं ते पुस्तक तुमच्यातल्या कित्येकांच्या आईवडिलांनीही वाचलं असेल. म्हणून कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरबद्दल मी आज थोडंच बोलणार आहे. ज्या मातीत त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं काम केलं, त्या मेकन काउंटीतल्या इतर माणसांची तुमच्याशी ओळख करून द्यायची आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्यात ही काउंटी आहे. टस्कीगी हे तिचं मुख्य गाव. वर्षानुवर्षं कापूस एके कापूस घेऊन तिथली जमीन निकस झाली होती. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी काल गुलाम असलेली माणसं आज जमीनमालकाच्या रानात वाट्याने राबत होती आणि पीक निघायच्या आधीच कर्जात बुडत होती.

त्या गावात लुईस ॲडम्स नावाचा एक कारागीर होता. जोडे शिवणं, घोड्यांचं सामान बनवणं, पत्र्याची कामं करणं हे सगळं तो गुलामीत असतानाच शिकला होता. शाळेची पायरी कधी चढला नाही, पण लिहा-वाचायला शिकला. निवडणुकीच्या काळात एक गोरा उमेदवार कृष्णवर्णीयांची मतं मागायला त्याच्याकडे आला, तेव्हा ॲडम्सने बदल्यात शाळा मागितली. राज्याने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारापुरते. जागा नव्हती की इमारत नव्हती. ४ जुलै १८८१ रोजी बुकर टी. वॉशिंग्टन या तरुण शिक्षकाने एका पडक्या खोलीत वर्ग भरवला. पाऊस आला की एक मोठा विद्यार्थी आपला धडा बाजूला ठेवून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही.

पुढे इमारती हव्यात म्हणून विटा पाडायचं ठरलं. विद्यार्थी गुडघाभर चिखलात उतरले. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरीही फसली. हातात पैसा उरला नाही, तेव्हा वॉशिंग्टननी आपलं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र परत मिळालं नाही. मुलांनी पाडलेल्या विटांनीच पुढे संस्था उभी राहिली, आणि तिथल्या अनेक इमारतींचे आराखडे केले रॉबर्ट टेलर यांनी. ‘एमआयटी’ या नामांकित संस्थेची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय मानले जातात.

१८९६ साली कार्व्हर या संस्थेत आले. त्यांच्या पहिल्या पत्रिकेचा विषय होता जनावरांना ओकची फळं खाऊ घालणं. म्हणजे झाडाखाली फुकट पडलेला माल. १९०६ साली त्यांच्या कल्पनेतून एक खेचरगाडी निघाली. नांगर, बियाणं, लोणी काढायची साधनं असं सारं घेऊन ती थेट शेतावर जाई. त्याच वर्षी थॉमस कॅम्पबेल हा टस्कीगीचा विद्यार्थी त्या गाडीवर सरकारी कृषिविस्ताराचं काम करू लागला. शेतकऱ्याला वर्गात येणं जमत नव्हतं, तर वर्गच त्याच्या बांधावर गेला.

स्नातकांनो, इथवरची गोष्ट ऐकायला गोड आहे. पुढची तितकी गोड नाही.

१९३२ साली याच काउंटीत, अशाच बांधांवर सरकारी आरोग्य खात्याचे डॉक्टर पोहोचले. त्यांनी ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. “तुमचं रक्त खराब झालंय, आम्ही इलाज करतो,” एवढंच त्यांना सांगितलं गेलं. जेवण मिळे, जाण्यायेण्याची सोय होई, मेल्यावर अंत्यसंस्काराचा खर्चही मिळे. पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढलं जाई ते तपासणीसाठी, आणि सांगितलं जाई की हा खास उपचार आहे. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हे या रोगावरचं मान्य औषध झालं, तरी ते या माणसांपासून दूर ठेवलं गेलं. उपचार न करता रोग कसा वाढतो, हेच तर पाहायचं होतं! १९७२ मध्ये वर्तमानपत्रांनी वाचा फोडली, तोवर हे चाळीस वर्षं चाललं. टस्कीगी संस्थेचं स्वतःचं रुग्णालयही त्यात सामील होतं.

ते डॉक्टर अडाणी नव्हते. चांगल्या विद्यापीठांच्या पदव्या त्यांच्याकडे होत्या. कॅम्पबेलही शिकलेलाच होता. दोघेही कमी शिकलेल्या शेतकऱ्याच्या दारात गेले. एकाने आपल्याला ठाऊक होतं ते त्याच्या पदरात टाकलं, दुसऱ्यांनी ते त्याच्यापासून लपवलं.

अन्यायाचा हिशेब मागणारी माणसंही याच काउंटीत उभी राहिली. १९५७ साली राज्य सरकारने टस्कीगीची चौकोनी हद्द बदलून तिला २८ बाजू पाडल्या आणि सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर काढले. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन कोर्टात गेले, आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांचे वकील होते फ्रेड ग्रे. टस्कीगीत जन्मलेल्या, नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स यांची बाजूही त्यांनीच मांडली होती. १९७३ मध्ये फसवल्या गेलेल्या त्या रुग्णांच्या वतीने दावा लावला तो याच ग्रे यांनी. पुढच्या वर्षी १ कोटी डॉलरवर तडजोड झाली. माणसांवर संशोधन करताना त्यांना सगळं सांगून संमती घ्यावी, हे नियम अमेरिकेत कडक झाले त्यामागे मेकन काउंटीतली ही माणसं आहेत.

उद्या तुमच्यापैकी कोणी कृषी खात्यात जाईल, कोणी बियाण्यांच्या कंपनीत, कोणी बँकेत, कोणी घरच्या शेतात. कुठेही गेलात तरी तुमच्यासमोर तुमच्या शब्दावर भरवसा ठेवणारा शेतकरी असेल. माती परीक्षणाचा अहवाल त्याच्या हातात नुसता कोंबू नका, वाचून समजावून द्या. फवारणीचं औषध सुचवाल तेव्हा ते अंगावर उडालं तर काय होतं, हेही सांगा. २०१७ साली यवतमाळच्या कपाशीत फवारणी करताना किती जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. चाचणीच्या प्लॉटसाठी कोणाचं रान घ्याल, तर पीक फसल्यास नुकसान कोण सोसणार, हे पेरणीआधी बोलून घ्या. आणि एखादी गोष्ट माहीत नसेल, तर “विचारून सांगतो” म्हणा आणि खरंच विचारून सांगा.

तुमचं आणि तुम्हाला इथवर आणणाऱ्या आईवडिलांचं मनापासून अभिनंदन.