मास्तरांची जुनी कविता, नवे श्रोते



कवी नारायण सुर्वे, म्हणजेच मास्तर, जाहीर वाचनाला उभे राहिले की जुन्या-नव्या कविता एकाच बैठकीत म्हणायचे. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२चा. तेव्हा लालबाग-परळ, काळाचौकी तीन पाळ्यांत जागी असायची. पुढे १९६६ साली 'माझे विद्यापीठ' आले, १९७५ साली 'जाहीरनामा'. समोर सतरंजीवर बसलेला माणूस पाळी संपवून आलेला असे. कवितेतली खानावळ त्याची असे, भोंगाही त्याचाच.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि बहुतेकांना पुन्हा खात्यात पाऊल टाकता आले नाही. 'नव्या माणसाचे आगमन' आले ते १९९५ साली, म्हणजे 'जाहीरनामा'नंतर वीस वर्षांनी. त्याच वर्षी परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मला मोठे वाटते ते हे, की संपाने झालेल्या पडझडीनंतरही मास्तरांनी आधीच्या कविता बाजूला ठेवल्या नाहीत. ज्या कष्टकऱ्याला त्यांनी उद्याचा धनी म्हटले होते, तो आता फाटकाबाहेर उभा होता. त्याच्यासमोर त्याच कविता म्हणायला छाती लागते. शब्द जुनेच होते, पण ऐकणाऱ्याने मधल्या काळात जे सोसले त्याने त्यांचे वजन वाढले होते.

'तुमचंच नाव लिवा' ही कविता घ्या. मुलाला शाळेत घालायला आलेली बाई. बापाचे नाव विचारल्यावर ती शाळेच्या मास्तरांनाच स्वतःचे नाव लिहिण्याची गळ घालते. हे लिहिणारा माणूस पालिकेच्या शाळेत आधी शिपाई होता, मग शिक्षक झाला. आणि त्याचे स्वतःचे नाव? रस्त्यावर सापडलेल्या या तान्ह्या पोराला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी आणले, आपले नाव दिले. हे ठाऊक असलेल्या श्रोत्यांपुढे सुर्वे त्या बाईच्या बोलीत बोलू लागले की कवी कुठला आणि बाई कुठली, हे वेगळे काढता येत नसे. माझ्या मते त्यांची सगळी ताकद या दुसऱ्याच्या तोंडून बोलण्यात आहे.

१६ ऑगस्ट २०१० रोजी मास्तर गेले. अरुण खोपकरांचा 'नारायण गंगाराम सुर्वे' हा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला माहितीपट आपल्याकडे आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय हाती घेतले आहे. तिथे यंत्रे, माग, बॉबिनी मांडल्या जातील, मांडाव्यातच. पण त्या चालवणाऱ्यांची भाषाही तिथे कानावर पडली पाहिजे. एक दालन सुर्व्यांच्या कवितेचे असावे, १९६२पासून १९९५पर्यंतच्या सगळ्या कवितेचे. आणि तिथल्या पहिल्या वाचनाचे आमंत्रण अभ्युदयनगरात, आंबेवाडीत राहणाऱ्या गिरणी कामगारांना जावे. त्यांची वये झाली आहेत. हे काम लवकर व्हायला हवे.