ग्रंथालयांतील आकाश

भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यांत रात्र अशी फारशी होतच नाहीं. कारखान्यांच्या आवारांतील दिवे, महामार्गावरील खांब, गोदामांपुढील झोत यांचा उजेड वरच्या धुळीवर पडून परत खालीं येतो आणि आकाशाला पिवळसर राख फांसल्यासारखी दिसते. काळोख्या माळावर निरोगी डोळ्यांस ६ व्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे एका वेळीं दोन-अडीच हजार तारे दिसतात. दृष्टि ३ ऱ्या प्रतीपाशींच अडली, तर डोक्यावर शंभर तारेहि उरत नाहींत. आकाशगंगा तर या भागांत वाढणाऱ्या मुलांनीं पुष्कळदां चित्रांतच पाहिलेली असते. रात्रपाळीस निघालेल्या कामगाराच्या मुलीनें, "बाबा, तारे कुठें असतात हो?" असें विचारलें, तर त्यानें बोट दाखवावें कोठें?

गांवांतील ग्रंथालयाकडे दाखवावें. हें उत्तर प्रथम विचित्र वाटेल. पण मराठींत त्याची सोय सव्वाशे वर्षांपूर्वींच एका शिक्षकानें करून ठेवली आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे कोकणांतील मुरुडचे. त्यांचा जन्म शिकविण्यांत गेला, आणि आयुष्य लाभलें तें अवघें ४४ वर्षांचें. त्यांच्या 'ज्योतिर्विलास' या पुस्तकाचें दुसरें नांव 'रात्रीची दोन घटका मौज' असें आहे. घटका म्हणजे २४ मिनिटें. तेव्हां ४८ मिनिटांची ही मौज पाळी संपवून आलेल्या माणसासहि परवडण्याजोगी आहे. पुढें १८९६ सालीं त्यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा मोठा ग्रंथ निघाला.

मात्र अशीं पुस्तकें मागतांना थोडी सावधगिरी हवी. 'ज्योतिष' या एकाच शब्दांत ताऱ्यांचें गणितहि येतें आणि लग्नाची पत्रिकाहि येते. दशांश पद्धतीनें लावलेल्या कपाटांत खगोल ५२० या अंकाखालीं असतो, फलज्योतिष १३३ खालीं. दीक्षितांचा ग्रंथ चुकून दुसऱ्या कपाटांत गेला, तर तो राशिभविष्य शोधणाऱ्याच्या हातीं पडावयाचा, आणि त्यानें तो दोन पानांतच खालीं ठेवावयाचा. म्हणून ग्रंथपालांस नांवाबरोबर अंकहि सांगावा. महाराष्ट्रांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याच्या अनुदानावर लहान गांवांतूनहि ग्रंथालयें उभीं आहेत. पुस्तक नसेल तर मागणी लेखी नोंदवावी, कारण कोणी मागितलेंच नाहीं तर खरेदीच्या यादींत खगोलाचा क्रम हटकून शेवटीं लागतो.

पुस्तक आणि आकाश यांची गांठ कशी पडते, याचा नमुना दीक्षितांच्याच ग्रंथांत आहे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणांत येतो. कित्येकांच्या नजरेखालून गेलेलें हें वाक्य दीक्षितांनीं आकाशाशीं ताडून पाहिलें. आज कृत्तिका ऐन पूर्वेस उगवत नाहींत. पुण्याच्या अक्षांशावर त्या सुमारें २५ अंश उत्तरेकडे उगवतात. भोवरा फिरतां फिरतां डुलावा तसा पृथ्वीचा आंस डुलतो, व त्याच्या एका फेऱ्यास सुमारें २६,००० वर्षें लागतात. त्या गतीनें मागें गणित करीत गेल्यास कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवण्याचा काळ इसवी सनापूर्वीं ३,००० वर्षांच्या आसपास येतो. तें वाक्य लिहिणाऱ्यानें हें स्वतः पाहिलें, कीं पूर्वापार ऐकलेलें टिपून ठेवलें, याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. पण कृत्तिका आज कोठें उगवतात, हें पाहण्यास विद्वान कशाला हवेत?

त्याला आळंदीची कार्तिकी सोयीची. वद्य एकादशीस चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, म्हणून संध्याकाळ अंधारी असते. साडेसातच्या सुमारास यात्रेच्या दिव्यांपासून दूर, एखाद्या शेताच्या बांधावर होकायंत्र घेऊन उभें राहावें. पूर्वेच्या डाव्या अंगास कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो. तो धुरकट ठिपक्यासारखा दिसला तरी चालेल. त्याच्या खालीं रोहिणीचा तांबूस तारा आहे, तो ओळख पटवितो.

यंत्रें पाहावयाचीं, तर चाकणहून नाशिक रस्त्यानें नारायणगांवकडे जावें. तेथून जवळच खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्या ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतील १४ एकत्र व बाकीच्या १६ तीन भुजांवर दूर पसरलेल्या. नभोवाणीचें भाषण ज्या जातीच्या लहरींवरून घरीं येतें, त्याच जातीच्या लहरी आकाशांतील दूरदूरच्या पदार्थांकडूनहि येतात. त्या या थाळ्या टिपतात. दिव्यांचा उजेड त्यांस अडवीत नाहीं. अडवितो तो विजेच्या तारांचा, यंत्रांचा आणि भ्रमणध्वनींचा गलबला. चाकणचा पट्टा उत्तरेकडे जसजसा सरकेल, तसतसें आकाश पाहणें कठीण होईलच, पण ऐकणेंहि कठीण होईल. कारखाने नकोत, असें तेथें पोट भरणारा कोणी म्हणणार नाहीं. पण झोत वर न फेंकतां जमिनीकडे वळविण्यास खर्च तो कितीसा!

फेब्रुवारीच्या २८ तारखेच्या, म्हणजे विज्ञानदिनाच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरत आलें आहे व त्या वेळीं सामान्य माणसांस या थाळ्या जवळून पाहतां येतात. मुलांस घेऊन जाणाऱ्यांनीं त्यापूर्वीं डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचें 'आकाशाशी जडले नाते' हें पुस्तक ग्रंथालयांतून आठवडाभर घरीं आणून ठेवावें.