हौशी मासेमारी : पहिला गळ टाकण्यापूर्वी

नागपूर हे देशाच्या मधोमध वसलेले शहर. समुद्र इथून कोणत्याही बाजूने दूरच. तरीपण पाण्याच्या काठी गळ टाकून बसण्याची हौस आपल्याकडे कमी नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. शहर सोडून पूर्वेकडे निघालात की तलावांना तोटा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत, गावोगावच्या बोड्या आहेत. रामटेकजवळ खिंडसी आहे. कन्हान, पेंच, वैनगंगा या नद्या आहेत. तेव्हा पाणी भरपूर, मासाही आहे. प्रश्न आहे तो ज्याने आजवर एकदाही गळ टाकला नाही त्याने सुरुवात कशी करावी हा.

साहित्याची गोष्ट मागाहून करू. आधी परवानगीची करू, कारण नवशिके लोक नेमके तिथेच चुकतात. तलाव सरकारी, मासा देवाचा, मग विचारायचे कुणाला, असे त्यांना वाटते. पण तलावातला मासा बहुधा आपोआप आलेला नसतो बरं का! रोहू, कटला आणि मृगळ हे आपले तीन मुख्य खाण्याचे मासे तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते, चढते पाणी लागते. पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला पीयूष ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन त्याची वीण घडवून आणली, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांतून मिळू लागले. आज गावच्या मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, पैसे मोजून मत्स्यजिरे किंवा बोटुकली विकत आणतात, पाण्यात सोडतात आणि ती वाढण्याची महिनोन् महिने वाट पाहतात. या संस्थांतले सभासद बहुतेक ढीवर, भोई, कहार अशा समाजांतले. त्यांच्या घरची चूल त्या पाण्यावर पेटते. कुणाच्या वावरातला हरभरा वाटेने जाताजाता उपटला तर त्याला आपण हौस म्हणू काय? तलावातला रोहूही तसाच पेरलेला असतो.

म्हणून पहिले काम हे की गावात जावे, संस्थेच्या माणसाला गाठावे आणि सरळ विचारावे, “दादा, हौसेखातर दोन काठ्या टाकायच्या आहेत, चालेल का, आणि द्यायचे काय?” नाही म्हटले तर रामराम करून परतावे. हो म्हटले तर तिथेच थोडे बसावे. खोल पाणी कुठे, बुडालेली झाडे कुठे, गाळ कुठे, हे तो तुम्हाला पाच मिनिटांत सांगेल, आणि ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. वाघांच्या राखीव जंगलात मात्र विचारायचाही प्रश्न नाही. पेंच प्रकल्पातले तोतलाडोहचे पाणी कितीही मोहक दिसो, तिथे मासेमारीला बंदी आहे. शहरातल्या तलावांवर काठाची पाटी वाचून मगच पिशवी उघडावी. आणि ज्या पाण्यात सांडपाणी येते तिथला मासा घरी खायला आणू नये.

आता साहित्य. इंग्रजी पुस्तके चाळणाऱ्याला वाटते की रीळ, महागडी काठी, पेटीभर चमकते चमचे यांच्यावाचून चालायचे नाही. मद्रासकडचे एक सनदी अधिकारी एच. एस. टॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले, त्यात मोठा मान आहे तो नदीतल्या महसीर माशाला. महसीर हा पहिलवान. त्याच्यासाठी लागणारी आयुधे घेऊन बोडीच्या काठी बसणे म्हणजे डास मारायला तोफ आणणे होय. तुमचा पहिला मासा तळहाताएवढा असणार, हे धरून चाला.

त्यासाठी बांबूची काठी उत्तम. विदर्भाच्या जंगलातला भरीव बांबू मजबूत असतो. बुरडाकडून दहा-बारा फुटांची, बुडाशी अंगठ्याएवढी आणि टोकाला बारीक होत गेलेली सरळ काठी निवडून घ्यावी व सावलीत चांगली वाळवावी. टोक लवचीक हवे. मासा ओढतो तेव्हा त्याचा जोर दोरी सोसत नाही, वाकणारे टोक सोसते. टोक ताठ असले की दोरी तुटलीच म्हणून समजा. दोरीची लांबी काठीएवढीच ठेवावी, म्हणजे काठी उभी केली की मासा आपोआप हाताशी येतो. पुढे हौस टिकली तर सात फुटांची फायबरची काठी आणि साधे रीळ घ्यायला हरकत नाही. रिळाला दोरी सैल सोडणारा एक ब्रेक असतो. दोरी जितके वजन पेलते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला तो सुटू लागावा, एवढाच तो आवळावा. दोरीचे टोक ताणकाट्याला अडकवून ओढून पाहिले की अंदाज येतो.

दोरी नायलॉनची, जिला बाजारात तंगूस म्हणतात. पाव मिलिमीटर जाडीची पुरे. ती चार-पाच किलोचा ताण सहज घेते. उन्हाने नायलॉन कमजोर होते, म्हणून दरवर्षी बदलावी. ती काही फार महाग नसते. गळ, म्हणजे आपल्याकडे पुष्कळजण जिला गरी म्हणतात ती, घेताना एक गंमत ध्यानात ठेवा. तिच्या नंबरांचा हिशेब उलटा असतो. बारा नंबरचा गळ आठ नंबरपेक्षा लहान! नवशिका हटकून मोठा गळ घेतो आणि मोठ्या माशाची स्वप्ने पाहत बसतो. मोठा मासा लहान गळाला लागतो, लहान मासा मोठ्या गळाला लागत नाही. आठ ते बारा यांतले पाच-सहा गळ घ्या, आणि त्यांच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाका. दोरी ताणलेली असली तर मासा सुटत नाही, आणि गळ तुमच्या बोटात रुतला तर डॉक्टरकडे न जाता निघतो. धनुर्वाताची सुई मात्र तरीही घ्यावी.

सगळ्या साहित्यात कच्चा दुवा असतो तो गाठीचा. साधी गाठ नायलॉनवर घसरते. दोरी गळाच्या डोळ्यातून ओवा, वीतभर टोक मोकळे ठेवा. ते टोक मूळ दोरीभोवती पाच वेढे गुंडाळा. मग डोळ्याजवळ जो छोटा फासा उरतो त्यातून टोक आत घाला, आणि त्यामुळे जो नवा मोठा फासा झाला त्यातूनही परत काढा. आवळण्यापूर्वी थुंकी लावून ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि नायलॉन तिथेच कापते. सावकाश ओढा, उरलेले टोक कापा. घरी खिळ्याला ओढून दहा वेळा ही गाठ घाला. तलावाच्या काठी, वाऱ्यात, घाईत ती शिकता येत नाही.

गळ तयार झाला की त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा लहानसा मणी, आणि त्याच्याही वर तरंगती काडी. शिशाचा मणी दातांनी दाबण्याची पुष्कळांना सवय असते, ती टाका, शिसे विषारी आहे. तरंगत्या काडीसाठी दुकानात जायची गरज नाही. ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा आतला गर बोटभर कापला, दोन्ही टोके दोऱ्याने बांधली की झाले. मणी एवढाच जड ठेवा की काडीचे नुसते टोक पाण्यावर दिसावे. अर्धी काडी वर राहिली तर माशाला तिचा भार जाणवतो आणि तो आमिष टाकून देतो.

काडी दोरीवर किती उंच बांधायची, हेच खरे कसब. आणि त्याचे उत्तर माशाच्या तोंडात आहे. बाजारात गेलात तर एक दिवस हे तीन मासे शेजारी शेजारी ठेवून पाहा. कटल्याचे डोके मोठे, तोंड वर वळलेले. तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपतो. रोहूचे तोंड किंचित खाली, ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खालच्या अंगाला. तो तळाचा गाळ चाळतो. याच कारणाने तिन्ही मासे एका तलावात एकमेकांच्या ताटावर न बसता वाढतात, आणि याच कारणाने तुमची काडी कुठे बांधायची ते ठरते. कटल्यासाठी गळ वर ठेवा, रोहूसाठी मध्यावर. मृगळासाठी आधी गळाला एक जड खडा बांधून खोली मोजा, मग आमिष तळाला जेमतेम टेकेल असे करा. तळाचा मासा आमिष उचलतो तेव्हा काडी बुडत नाही, उलट वर येऊन आडवी पडते. नवखा माणूस ती बुडायची वाट पाहतो आणि मासा जेवून जातो.

आमिषाला घरातली कणीक पुरते. घट्ट मळावी, तीत भाजलेल्या मेथीची पूड चिमूटभर घालावी, आणि हरभऱ्याएवढी गोळी गळाच्या टोकावर लावावी. लहान माशांना गांडूळ अधिक आवडते. बसण्यापूर्वी ढेपेचा चुरा आणि तांदळाचा कोंडा यांचे ओले गोळे करून मूठभर टाकावे. मूठभर म्हणजे मूठभरच. पोट भरलेला मासा गळाकडे पाहत नाही.

काडी हलली म्हणून लगेच काठी उपटू नका. ती सरकू लागली, बुडाली की मनगटाने लहानसा हिसका द्या. हिसका मनगटाचा, खांद्याचा नव्हे. नाहीतर मासा मागच्या बाभळीवर जाऊन बसतो. लागलेला मासा काठी उभी ठेवून दमवावा, दोरीला झोल पडू देऊ नये आणि त्याला शेवाळाकडे जाऊ देऊ नये. मोठा असेल तर दांड्याची लहान जाळी पाण्यात बुडवून मासा तिच्यावर आणावा.

सोडून द्यायचा असेल तर हात आधी ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगापासूनचे संरक्षण. कोरड्या हाताने तो निघून जातो, आणि पोहत गेलेला मासा पुढे आजारी पडून मरतो. गळ गिळला असेल तर ओढू नका, दोरी तोंडाशी कापा. ठेवायचा असेल तर त्याला काठावर तडफडत टाकू नका, लगेच डोक्यावर घाव घालून संपवावा. एक अपवाद सांगतो. परदेशी मागूर हाती आला तर तो परत पाण्यात सोडायचा नाही. तो खादाड मासा इथल्या माशांच्या मुळावर आलेला आहे आणि त्याच्या पालनावर बंदी आहे.

मरळ माशाविषयी थोडे वेगळे बोलले पाहिजे, कारण त्याचे वेड भल्याभल्यांना लागते. हा शिकारी मासा. शेवाळाच्या कडेने रबरी बेडूक उड्या मारीत नेला की तो पाणी फोडून झेप घेतो. हवेतला श्वास घ्यायला तो वर येतो, त्यामुळे त्याचा ठावही लागतो. पण पावसाळ्यात कधी पाण्यावर नारिंगी-लालसर पिलांचा घोळका एकत्र फिरताना दिसला, तर त्याच्या खाली आईबाप राखण करीत असतात. त्या वेळी गळ टाकला तर ते हटकून लागतात, कारण ते भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी तुटून पडतात. आईबाप काढले की पिलांचा घोळका बाकीचे मासे दिवसभरात फस्त करतात. अशी जागा सोडून पुढे जावे. एकूणच आषाढ-श्रावणात, नदीनाल्याला माशांची चढण लागते तेव्हा, काठी घरी कोपऱ्यात उभी राहिलेली बरी.

जिवाच्या दोन गोष्टी. फायबरच्या महागड्या काठ्यांत कार्बन असतो, आणि कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली अशी काठी उगारू नका. मृगाआधी आभाळ कडाडू लागले की ती खाली ठेवून काठ सोडा. दुसरे, धरणाखाली नदीच्या पात्रातल्या खडकावर बसू नका. वैनगंगेवर गोसीखुर्दसारख्या धरणाची दारे उघडली की ऊन लख्ख असतानाही पाणी चढते. आणि पोहता येत नसेल तर पाळीवरून, कोरड्या जागेवरूनच टाका.

तुटलेली दोरी काठावर राहू देऊ नका. बगळ्याच्या पायात गुंतलेले नायलॉन कधीच कुजून सुटत नाही. बारीक तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाका.

जायचे कधी? पावसाळा ओसरून पाणी निवळले की, म्हणजे नवरात्रापासून दिवाळीपुढे थंडी पडेपर्यंत, आणि पुन्हा होळीच्या सुमारास. ऐन थंडीत मासा सुस्तावतो. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेव्हा सोडलेला मासाही वाचेलच असे नाही, आणि माणसाचे म्हणाल तर त्याचेही तसेच. दिवस उगवताना काठावर असावे. कणकेचा डबा, पाण्याची बाटली, टोपी, पक्कड, जुने फडके एवढे बरोबर असले की पुरे. ऊन चढून काडीचे टोक दिसेनासे झाले की उठावे, आणि जाताना संस्थेच्या माणसाला काय मिळाले ते दाखवून जावे.