मेंदूतील गाठ व किरणोपचार : उपचार अर्ध्यावर सोडू नका

(संस्थेच्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही आपल्यापुढे डॉक्टर म्हणून उभे नाही. आमच्या थोरल्या बंधूंच्या मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर किरणोपचारासाठी सहा आठवडे आम्ही त्यांच्या सोबत राहिलो. त्या काळात जे पाहिले व डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, तेवढेच आज सांगणार आहोत.

आपल्या बीड जिल्ह्यात खेड्यापाड्यांत या उपचाराला 'लाईट देणे' किंवा 'शेक देणे' म्हणतात. शब्द ऐकूनच माणूस घाबरतो. डोके भाजेल, वेड लागेल, घरातल्या लेकराबाळांना बाधा होईल, असे नाना प्रकारे सांगितले जाते. या भीतीपोटी कोणी उपचाराला जातच नाही, तर कोणी निम्मा उपचार घेऊन गावी परततो. म्हणून पुढे काय होणार हे आधी ठाऊक असणे फार गरजेचे आहे.

मेंदूतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. काही गाठी साध्या असतात व हळू वाढतात, काही झपाट्याने वाढतात. शस्त्रक्रियेत सगळी गाठ काढता येतेच असे नाही, कारण तिला लागूनच हात-पाय, वाचा, दृष्टी सांभाळणारा भाग असतो. उरलेल्या पेशींना मारण्यासाठी किंवा त्यांची वाढ रोखण्यासाठी किरण देतात. काही गाठी याने कायमच्या थांबतात. काहींत मात्र आयुष्याचे काही महिने किंवा वर्षे वाढावीत व त्रास कमी व्हावा एवढाच हेतू असतो. आपल्या रुग्णाच्या बाबतीत हेतू कोणता, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

पहिल्या दिवशी किरण देत नाहीत. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची चादर चेहऱ्यावर बसवतात. काही मिनिटांत ती घट्ट होते व तिचा मुखवटा तयार होतो. जाळीतून श्वास नीट घेता येतो. रोज डोके त्याच जागी स्थिर राहावे म्हणून हा मुखवटा लागतो. तो घालूनच सी.टी. स्कॅन काढतात आणि त्यावरून किरण कोठे व किती द्यायचे हे ठरवतात. या तयारीला काही दिवस लागतात. "मशीन मोकळे असताना बसवून का ठेवले?" म्हणून रागावू नये.

झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत साधारणपणे आठवड्यातून 5 दिवस, असे 6 आठवडे, म्हणजे 30 वेळा किरण देतात. वृद्ध किंवा अशक्त रुग्णाला कमी दिवसांचा उपचार देतात. काहींना सोबत गोळ्यांच्या रूपात केमोथेरपीही असते. तेव्हा ठराविक दिवसांनी रक्त तपासावे लागते. रोजचे काम दहा-पंधरा मिनिटांचे. खोलीत रुग्ण एकटाच असतो, पण बाहेरून कॅमेऱ्यात तो दिसतो व त्याचा आवाज ऐकू येतो. किरण दिसत नाहीत, भाजत नाहीत, दुखत नाही. बाहेरच्या यंत्रातून दिलेले किरण अंगात साठून राहत नाहीत, म्हणून नातवंडांना मांडीवर घेण्यास काहीच हरकत नाही. आमचे बंधू पहिल्या दिवशी बाहेर आले आणि म्हणाले, "एवढंच व्हय?"

त्रास होतो तो नंतर. दोन-तीन आठवड्यांनी, जेथून किरण जातात तेथले केस गळतात. बहुतेकांचे काही महिन्यांनी परत येतात, कधी विरळ येतात, कधी येतही नाहीत. त्या जागी तेल, बाम, कुंकू, कसलाही लेप लावू नये. उन्हात जाताना डोक्यावर मऊ सुती कापड घ्यावे. थकवा आठवड्यागणिक वाढतो आणि उपचार संपल्यावरही एक-दोन आठवडे अधिक जाणवतो. पुढे काही आठवड्यांनी रुग्ण दिवसभर झोपूनही राहतो. घरच्यांना वाटते, उपचार फुकट गेला. बहुधा तसे नसते. हा थकवा हळूहळू उतरतो. पहिल्या स्कॅनमध्येही गाठ वाढल्यासारखी दिसू शकते आणि ती केवळ किरणांची सूज असू शकते. म्हणून एका फोटोवरून धीर सोडू नये. पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी काहींची स्मरणशक्ती मंदावते, हेही लपवून ठेवण्यासारखे नाही.

येथे आम्ही आमची स्वतःची चूक सांगतो. मेंदूची सूज कमी ठेवण्यासाठी बंधूंना डेक्सामेथासोन नावाच्या गोळ्या होत्या. भूक फार लागते, झोप येत नाही, साखर वाढली, म्हणून आम्हीच त्या एकाएकी बंद केल्या. तिसऱ्या दिवशी डोके फुटावे असे दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या आणि रात्री गाडी करून धावावे लागले. ही गोळी स्टेरॉइड असते. ती डॉक्टर सांगतील तशी टप्प्याटप्प्यानेच कमी करायची असते. झटके येऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्यांचेही तसेच. झटका आला, डोकेदुखी व उलटी वाढली, ताप आला किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आता प्रश्न येतो जाण्या-राहण्याचा. आपल्याकडून बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, 2012 साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालय आणि 1941 पासूनचे मुंबईचे टाटा रुग्णालय येथे लोक जातात. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने बाहेरगावच्या असंख्य रुग्णांना आसरा दिला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतो. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच भेटावे. कर्करोगाचा दाखला असेल तर रेल्वेच्या तिकिटातही सवलत मिळते.

पण पैशाहून अवघड आहे तो वेळ. आपला जिल्हा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडी कारखान्याकडे निघते. एकाला गाठ झाली की कोयता मोडतो, उचल अंगावर राहते. अशा घराला "सहा आठवडे थांबा" म्हणणे सोपे नाही. तरीही सांगावेच लागते, कारण मध्येच दिवस बुडाले तर गाठीला वाढायला सवड मिळते, आणि एकदा सोडलेला उपचार मागाहून जसाच्या तसा पुरा करता येत नाही.

म्हणून आमची आपणांस एकच विनंती आहे. गावात असा रुग्ण असेल तर केवळ भेटायला जाऊन केळी देऊन परतू नका. एकेक आठवडा सोबत राहण्याची पाळी वाटून घ्या, मागे राहिलेल्या लेकरांच्या जेवणाचे व शाळेचे पाहा, मुकादमाशी बोलायला चार माणसे मिळून जा. आमच्या बंधूंचे तीस दिवस पुरे झाले ते शेजाऱ्यांनी आमची शेळ्या-गुरे सांभाळली म्हणून. त्यानंतर दोन उन्हाळे ते आमच्यात होते आणि धाकट्या लेकीचे लग्न त्यांनी स्वतः उभे राहून लावले.