माठ, मोगरा आणि कुत्र्याची फेरी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला उन्हाळ्यातल्या विरंगुळ्यावर बोलायला सांगितलंय. आपल्या भूम तालुक्यात उन्हाळा आणि विरंगुळा हे शब्द शेजारी बसत नाहीत, हे मला मान्य आहे. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी होतं. तेव्हा एक वडीलधारे मला म्हणाले होते, "प्यायला नाही अन् मोगऱ्याला कशाला?" प्रश्न रास्त होता. म्हणून नळाचं किंवा टँकरचं पिण्याचं पाणी बागेला घालायचं नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं. मोरीचं साबणाचं पाणी कर्दळीला आणि केळीला जातं, पालेभाजीला नाही.

खरी करामत माठाची. साधा, न रंगवलेला माठ गळ्यापर्यंत मातीत पुरायचा, भरायचा आणि वर झाकण ठेवायचं. झाकण नसेल तर डास होतात, बरं का. माती कोरडी झाली की माठ झिरपतो, ओली असली की कमी झिरपतो. वरून ओतलेल्या पाण्यासारखी वाफ होऊन जात नाही. पुष्कळजण घरातला जुना माठ यासाठी काढतात. पण त्याची बारीक छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. ज्याच्यात पाणी गार होईना, तो बागेतही झिरपायचा नाही. आखितीला नवा माठ घेता ना, तेव्हा बागेसाठी आणखी एक घ्या. भोवती उसाचं पाचट नाहीतर पालापाचोळा अंथरा. माती उघडी टाकू नका. मोगऱ्याची छाटणी थंडी सरताना केली असेल, तर चैत्र-वैशाखात संध्याकाळी दारात वास दरवळतो. कुंडी मात्र उन्हात हवी. सावलीत नुसती पानं वाढतात.

आता आमच्या मोत्याबद्दल. तो गावठी आहे. दाट केसांची परदेशी जात आणून पंख्याखाली धापा टाकायला लावण्यापेक्षा हे बरं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकतो, तेवढीच त्याची सोय. म्हणून आमची फेरी सूर्य उगवायच्या आत आणि दुसरी अंधार पडल्यावर. संध्याकाळी डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. पाच सेकंद ठेववेना, तर त्याचे पंजेही भाजणार. मग शेताच्या मातीच्या वाटेनं जायचं.

या फेरीवरून सोसायटीत कुरबुरी झाल्यात, लपवायचं कशाला? खिशात जुना पेपर ठेवा, विष्ठा उचला, साखळी सोडू नका, वर्षाला रेबीजची लस द्या. कुणाला कुत्रं चावलं, तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.

पहाटेच्या फेरीत मला इथली निम्मी माणसं ओळखीची झाली. माझं नाव ठाऊक नसलेली पोरंसुद्धा "मोत्याचे आजोबा" म्हणून हाक मारतात.

बाकी, मोगऱ्याच्या फांद्या ज्यांना हव्यात त्यांनी मृग लागल्यावर या. पावसाळ्यात त्या चटकन मूळ धरतात. येताना डबा नको, ओलं फडकं आणा.