जमिनीच्या पोटात काय आहे?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा सारांश)



मी बँकेत कारकून आहे. घरकर्जाची प्रकरणे रोज टेबलावरून जातात. कर्ज देण्यापूर्वी वकील तीस-तीस वर्षांचा शोध घेतात. जमीन कोणाची होती, कोणी कोणाला विकली, बोजा आहे काय, हे सारे तपासले जाते. पण त्या जमिनीवर पूर्वी काय चालत होते, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. आपला माणूस पै-पै जमवून भूखंड घेतो तो सातबारा पाहून, आणि सातबाऱ्यावर मातीतले विष लिहिलेले नसते. हा प्रश्न कायद्याने विचारणारा एक देश म्हणजे इंग्लंड. तेथील स्थानिक कौन्सिले हे काम कसे करतात ते आज सांगणार आहे.

इंग्लंडमध्ये कारखानदारी फार जुनी. दगडी कोळशापासून गॅस काढणारे कारखाने गावोगाव होते. ते बंद पडले, पण कोळशाचे डांबर आणि सायनाइडयुक्त गाळ जमिनीतच राहिला. कातडी कमावण्याचे कारखाने, रंगशाळा, लोखंडाच्या भट्ट्या, कचऱ्याच्या खाणी यांचीही तीच गत. 1986 साली डर्बीशायरमधील लोस्को या गावी बुजवलेल्या कचऱ्यातून निघालेला वायू एका घराखाली साचला व स्फोट होऊन ते घर जमीनदोस्त झाले.

1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात अशी तरतूद होती की, पूर्वी घातक उद्योग असलेल्या सर्व जमिनींची कौन्सिलांनी जाहीर नोंदवही ठेवावी. परंतु नोंद होताच घरांच्या किमती कोसळतील, असा ओरडा झाला आणि 1993 मध्ये सरकारने ती योजना सोडून दिली. म्हणजे विषापेक्षा विषाची नोंद लोकांना अधिक भयंकर वाटली! पुढे 1995 च्या कायद्याने नवी पद्धत आणली व ती इंग्लंडमध्ये एप्रिल 2000 पासून अमलात आली. आपल्या हद्दीची वेळोवेळी तपासणी करणे व त्यासाठी लेखी धोरण ठरवणे हे कौन्सिलाचे कर्तव्य झाले.

तपासणीची सुरुवात कुदळीने नव्हे, कागदाने होते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे सर्वेक्षणाचे नकाशे एकावर एक ठेवून पाहतात. जुन्या व्यापारी नामावल्या, परवाने, कचरा टाकण्याच्या नोंदी चाळतात. विद्यार्थी मित्रहो, इतिहासाचा पदवीधर येथे रसायनशास्त्रज्ञाइतकाच उपयोगी पडतो! त्यातून संशयित जागांची यादी होते. जेथे आज घरे, शाळा, भाजीचे वाफे किंवा पाण्याचे स्रोत आहेत त्या जागा आधी तपासायला घेतात.

नुसते विष सापडले म्हणून जमीन कायद्याने ‘प्रदूषित’ ठरत नाही. विष, ते पोचण्याची वाट आणि ज्याला अपाय होईल तो माणूस किंवा पाणी, असे तीन दुवे जुळावे लागतात. शिसे मिसळलेली माती डांबरी वाहनतळाखाली असेल तर वाट बंद आहे. तीच माती अंगणात असेल आणि लहान मूल हात तोंडात घालत असेल, तर वाट उघडी आहे. म्हणून उपायही तीन प्रकारचे: माती काढून नेणे, वर स्वच्छ मातीचा थर देऊन वाट अडवणे, किंवा जमिनीचा वापर बदलणे. 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनी धोक्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दोन पायऱ्यांतील जमीनच प्रदूषित धरली जाते.

खर्च कोणी करायचा? प्रथम ज्याने घाण केली त्याने. तो सापडला नाही तर आजच्या मालकाने वा रहिवाशाने. हे दुसरे कलम ऐकून घरमालकाच्या पोटात गोळा येतो. डॉनकास्टरजवळ बॉट्री येथे जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर घरे बांधली होती आणि बागेखाली डांबराचा खड्डा निघाला. मूळ कंपन्या केव्हाच नाहीशा झालेल्या. वारसदार कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय 2007 साली तेथील सर्वोच्च पीठाने दिला. रहिवाशांवर खर्च लादला गेला नाही, तो सार्वजनिक पैशातून झाला. नफा खाजगी आणि घाण मात्र सर्वांची, हा हिशेब बँकेतल्या माणसालाही पटत नाही.

आता कॉर्बीविषयी. हे पोलादाचे गाव. 1980 च्या सुमारास पोलाद बनवणे बंद झाले आणि हजारो कामगार घरी बसले. नवे उद्योग यावेत म्हणून कौन्सिलाने कारखान्याची जागा साफ करायला घेतली. हेतू चांगलाच होता. पण विषारी गाळ उघड्या लॉऱ्यांतून गावच्या रस्त्यांवरून नेला गेला. चिखल सांडला, वाळला, त्याची धूळ हवेत उडाली. त्या काळात गरोदर असलेल्या काही मातांची मुले हातापायांची बोटे नसलेली वा अपुरी घेऊन जन्माला आली. त्या माता सामान्य कामगारवस्तीतल्या होत्या. एकमेकींना शोधून त्या न्यायालयात गेल्या. जुलै 2009 मध्ये उच्च न्यायालयाने कौन्सिलाला हलगर्जीपणाबद्दल दोषी ठरवले व 2010 मध्ये भरपाईची तडजोड झाली. जमिनीत निजलेले विष सफाईनेच उठवले. म्हणून साफ करणाऱ्यावरही देखरेख हवी.

या कायद्याखाली प्रत्यक्ष नोटिसा फार थोड्या निघाल्या आहेत. केंद्राकडून कौन्सिलांना मिळणारे खास अनुदानही बंद झाले. बहुतेक जमीन बांधकाम परवानगीच्या वाटेने साफ होते: जागा सुरक्षित करण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची, आणि पुरावा पाहिल्याशिवाय कौन्सिल मंजुरी देत नाही. परंतु जेथे नवे बांधकाम परवडत नाही तेथे, म्हणजे गरीब वस्तीत, ही वाट उपयोगी नाही. घर घेणाऱ्याचा वकील मात्र कौन्सिलाला ठरीव नमुन्यात लेखी प्रश्न विचारतो, त्यात जमीन प्रदूषित ठरली आहे काय, हाही असतो.

आपल्या देशात जुलै 2025 मध्ये प्रदूषित स्थळांविषयी स्वतंत्र नियम निघाले आहेत. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने स्वतःहून अथवा लोकांच्या तक्रारीवरून संशयित जागा ओळखाव्या व दर सहा महिन्यांनी यादी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावी, अशी त्यात योजना आहे. ‘लोकांच्या तक्रारीवरून’ हे शब्द लक्षात ठेवा. आपल्या वस्तीजवळ बंद पडलेला रासायनिक कारखाना असेल, तर तेथे पूर्वी काय बनत होते हे म्हाताऱ्या कामगारांना ठाऊक असते. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे बसून ते लिहून घ्यावे आणि अर्जाला जोडावे. अर्ज साध्या मराठीत चालतो. पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी. नमुना अर्ज मी तयार करून आणला आहे, तो सभेनंतर माझ्याकडून घ्यावा.

जयभीम.