पक्षी जनतेचा, कुरण मालकाचं



नेब्रास्का, साउथ डकोटा आणि कॅन्सस ही अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातली तीन राज्यं. तिथल्या गवताळ मैदानांवर, म्हणजे प्रेअरीवर, वसंतात रानटर्कीची शिकार कशी होते आणि नवख्या माणसानं त्यासाठी चांगला वाटाड्या आणि चांगलं रँच, म्हणजे गुरांचं खासगी कुरण, कसं शोधावं, हा माझा आजचा विषय आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आणली. ती योग्यच होती, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्याची झालेली दशा पाहिली की ही बंदी आणखी आधी यायला हवी होती असंच वाटतं.

मग हा विषय कशासाठी? एक कारण व्यवहाराचं आहे. ओमाहा, कॅन्सस सिटी, डॅलस अशा गावांत आपली मुलं, सुना, जावई नोकरीला आहेत. एप्रिल आला की कचेरीतला एखादा सहकारी त्यांना टर्कीच्या शिकारीचं आमंत्रण देतो. जावं की नाही, गेलं तर कोणाबरोबर, हे त्यांना कळत नाही. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. हा पक्षी जवळजवळ संपला होता आणि तो परत आला. तो कसा आला हे समजल्याशिवाय वाटाड्या पारखता येत नाही, म्हणून आधी ती हकिगत सांगतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जंगलं तुटली आणि बाजारात विकण्यासाठी रानपक्षी बेसुमार मारले गेले. विसावं शतक उजाडलं तेव्हा रानटर्की आपल्या मूळ मुलखाच्या फार मोठ्या भागातून नाहीशी झाली होती. आयोवा या प्रेअरीवरच्याच राज्यातून निवडून गेलेले काँग्रेस सदस्य जॉन लेसी यांच्या पुढाकारानं 1900 साली एक कायदा झाला. एखाद्या राज्याचा नियम मोडून मारलेला पशुपक्षी दुसऱ्या राज्यात नेणं हा त्या कायद्यानं संघराज्याचा गुन्हा ठरला. बाजारू शिकारीला त्यानं मोठा चाप बसला. पण चाप बसला म्हणून गेलेला पक्षी परत येत नाही. त्यासाठी पैसा लागतो, आणि तो 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं उभा केला. शिकारीच्या लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसं यांवर 11 टक्के अबकारी कर बसतो, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना वाटला जातो. यातली एक अट मला फार शहाणपणाची वाटते. शिकारीच्या परवान्यांतून आलेलं उत्पन्न राज्यानं दुसऱ्या कामाकडे वळवायचं नाही. वळवलं, तर हा निधी मिळत नाही.

पैसा आला, तरी सुरुवातीला यश आलं नाही. खात्यांनी पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की हजारोंनी रानात सोडल्या आणि त्या मरत गेल्या. ससाणा आला की दडायचं, कोल्हा दिसला की झाडावर जायचं, हे पिल्लू आईच्या हाकेवरून शिकतं. माणसाच्या हातून दाणे खाल्लेल्या पक्ष्याला ते कोण शिकवणार? अखेर रानातलेच पक्षी धरून नव्या जागी नेण्याचा मार्ग निघाला. 1951 साली साउथ कॅरोलायनात स्फोटाच्या जोरावर फेकलं जाणारं जाळं पहिल्यांदा टर्कीवर वापरलं गेलं. दाणे टिपणाऱ्या थव्यावर जाळं पडायचं, पक्षी खोक्यात घालून शेकडो मैल दूर सोडायचे. जे काम पिंजऱ्यांना जमलं नाही ते या जाळ्यानं केलं. प्रेअरीवर मेरियम नावाची उपजात आणली गेली. शेपटीची कड पांढरीशुभ्र असलेला हा देखणा पक्षी मुळात नैर्ऋत्येकडच्या डोंगरांतला. न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोतून तो साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समध्ये आला, तिथे रुजला, आणि 1959 साली नेब्रास्काच्या वायव्य कोपऱ्यातल्या पाइन रिजवर सोडला गेला. आज अमेरिकेत सगळ्या उपजाती मिळून रानटर्की 60 लाखांच्या आसपास आहेत.

आता मुद्द्याचं सांगतो. अमेरिकेत रानातला पक्षी कोणाच्याही मालकीचा नसतो. तो त्या राज्याच्या जनतेचा असतो, आणि राज्य त्याचा विश्वस्त. ज्याच्या शेतात तो चरतो त्या शेतकऱ्यालाही तो विकता येत नाही. पण फाटक शेतकऱ्याचं असतं. नेब्रास्कातली सुमारे 97 टक्के जमीन खासगी आहे. म्हणजे पक्षी सर्वांचा, आणि त्याच्यापर्यंतची वाट एका माणसाच्या हातात. आउटफिटर नावाचा धंदा या फटीत उभा राहिला. तो रँचमालकांकडून शिकारीचे हक्क भाड्यानं घेतो, वाटाडे नेमतो, राहण्याजेवणाची सोय करतो. काही ठिकाणी रँचमालक स्वतःच हे करतो. तुम्ही त्याला डॉलर मोजता ते पक्ष्याचे नव्हेत. तुम्ही वाट विकत घेता आणि त्या जमिनीची माहिती विकत घेता. हे मनात पक्कं असलं की पुढची फसगत बरीचशी टळते.

ती माहिती म्हणजे काय, ते एका पहाटेवरून कळेल. प्रेअरीवर झाडं मुख्यतः नदीकाठी असतात. नायोब्रारा, रिपब्लिकन, प्लॅट या नद्यांच्या काठानं उंच कॉटनवुडच्या रांगा आहेत. दिवसभर गवतात आणि कापलेल्या मक्याच्या शेतात चरून टर्की संध्याकाळी या झाडांवर चढते. चांगला वाटाड्या आदल्या संध्याकाळी काठावर एकटा जाऊन उभा राहतो. घुबडाचा आवाज काढतो. झाडावर बसलेला नर त्या आवाजाला चिडून गुरगुरतो, आणि वाटाड्याला झाड कळतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या तासभर आधी तो तुम्हाला अंधारात, बॅटरी न लावता, त्या झाडापासून बेताच्या अंतरावर नेऊन बसवतो. फार जवळ गेलात तर पक्षी बिचकतो, दूर राहिलात तर तो दुसऱ्या बाजूला उतरतो. मग लाकडी डबीवर फळी घासून, पाटीवर काडी फिरवून किंवा तोंडात धरलेल्या पातळ पडद्यातून तो मादीचा आवाज काढतो. थोडाच काढतो. नवशिक्या वाजवत सुटतो. जाणता दोनदा वाजवून गप्प बसतो आणि नराला शोधत यायला लावतो. टर्कीचं नाक अधू आहे, पण नजर विलक्षण तीक्ष्ण. पापणी लवली तरी ती पाहते. नर फुलून, पंख जमिनीला घासत, 40 यार्डांच्या आत येईपर्यंत बंदूक हलवायची नाही. वसंतात मारायची परवानगी असते ती छातीवर केसांसारख्या पिसांची दाढी असलेल्या पक्ष्याची, म्हणजे बहुतेक नराचीच. माद्या तेव्हा जमिनीवर खळगा करून अंडी घालत असतात.

असा माणूस शोधायचा कसा? जाहिरातीतल्या छायाचित्रांवरून शोधू नका, असं मी कळकळीनं सांगतो. मेलेल्या पक्ष्यांची रांग लावून काढलेलं छायाचित्र एवढंच सांगतं की तिथे पुष्कळ पक्षी मारले गेले. किती उरले, ते त्यात दिसत नाही. त्याऐवजी राज्याच्या वन्यजीव खात्यातल्या त्या भागाच्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा. हे लोक सरकारी असले तरी मोकळेपणानं बोलतात, आणि यंदा कुठल्या खोऱ्यात पिल्लं जगली ते त्यांना ठाऊक असतं. 1973 साली स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनच्या स्थानिक शाखा आहेत, तिथे विचारा. मग दोन-तीन रँचवाल्यांशी स्वतः बोला. माझं मत असं की, ज्याचा मुख्य धंदा गुरांचा आहे आणि जो वसंतात मोजक्या पाहुण्यांना जमिनीवर घेतो, तो माणूस मोठ्या लॉजपेक्षा बहुधा बरा. त्याला ती जमीन मुलांना द्यायची असते.

त्याला विचारा: जमीन तुझी की भाड्याची, आणि भाड्याची असेल तर करार लेखी आहे का? एका हंगामात किती शिकारी घेतोस? एका वाटाड्यामागे किती जण? गेल्या वर्षी या जमिनीवर किती नर मारले, आणि यंदा किती मारू देणार? शेवटच्या प्रश्नाला जो अडखळत नाही, त्यानं स्वतःच्या पक्ष्यांची मोजदाद केलेली असते. लाल सीडर झाडांचंही विचारा. पूर्वी प्रेअरीवर वणवे लागत आणि गवत टिकून राही. वणवे थांबल्यावर सीडर माजलं आणि त्यानं गवत गिळलं. जो रँचवाला ते कापतो, ठरवून आग लावून कुरण जाळतो, त्याच्याकडे मादीला घरट्यासाठी गवत आणि पिल्लांना किडे मिळतात. पहिले काही आठवडे पिल्लं किड्यांवरच वाढतात. आणि गेल्या वर्षी रिकाम्या हातानं परतलेल्या एखाद्या पाहुण्याशी बोलायला मिळेल का, असंही विचारा. त्याच्याकडून खरं कळतं. जो हमखास पक्ष्याची हमी देतो, त्याचं नाव यादीतून काढून टाका. रानाच्या वतीनं हमी देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

कायद्याचं थोडक्यात. परवाना राज्याकडूनच घ्यायचा, स्वतःच्या नावावर. मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनींवर त्या त्या जमातीचे वेगळे परवाने आणि नियम असतात. शिकारीचं प्रशिक्षण अनेक राज्यांत सक्तीचं आहे. कॅन्ससमध्ये 1 जुलै 1957 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते लागतं. कोलोरॅडोत आउटफिटरची राज्याकडे नोंदणी असावी लागते, सर्वत्र तसं नाही, म्हणून आधी चौकशी करावी. आपल्या मुलांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्यानं बंदूक हाताळायला बंदी आहे. वैध शिकार परवाना जवळ असला तर त्यातून सूट मिळते. सहकाऱ्यानं सहज हातात दिलेली बंदूकसुद्धा परवान्याशिवाय धरू नये. वाटाड्यानं कुंपण ओलांडून दुसऱ्याच्या जमिनीत नेलं आणि तिथला पक्षी तुम्ही राज्याबाहेर नेलात, तर लेसी कायदा तुम्हालाही लागू होऊ शकतो. आणि अंगावर लाल, पांढरा किंवा निळा रंग नको, रुमालसुद्धा नको. नराच्या डोक्याचे हेच रंग. झुडपाआडून मादीचा आवाज आणि त्यात हे रंग दिसले, की दुसरा शिकारी गोळी झाडू शकतो. खांद्यांपेक्षा रुंद खोडाला पाठ टेकून बसावं, म्हणजे मागूनही संरक्षण राहतं.

वाटाड्याचा खर्च परवडत नसेल तर दुसरी वाट आहे: कॅन्ससनं 1995 पासून शेतकऱ्यांकडून जमिनी भाड्यानं घेऊन परवानाधारकांना पायी जाण्यासाठी खुल्या केल्या आहेत. आणि ज्यांना मारायचंच नाही, माझ्यासारख्यांना, त्यांच्यासाठी नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये काही रँचवाले एप्रिलच्या पहाटे आडोशात बसवून प्रेअरी-चिकन या रानपक्ष्याचा नाच दाखवतात. तो पाहायला अवश्य जावं. जमिनीवरचं गवत टिकवायला रँचवाल्याला मिळणारा तोही पैसाच आहे.

हे सगळं आज सांगण्याची निकड वेगळी आहे. गेल्या काही वर्षांत प्रेअरीवर टर्की पुन्हा घटते आहे. घरटी फुटतात, थंड ओल्या वसंतात पिल्लं गारठून मरतात, गवत कमी होतं. हंगामाच्या सुरुवातीलाच प्रबळ नर मारले तर प्रजननात खीळ पडते, असंही काही जीवशास्त्रज्ञ मांडतात. कॅन्ससनं 2023 पासून शरदातली शिकार थांबवली. नेब्रास्कानं 2024 पासून बाहेरच्यांना वसंतात द्यायच्या परवान्यांवर 10,000 ची मर्यादा घातली. ही पावलं मला योग्य वाटतात, आणि ती सरकारनं उचलण्याआधी स्वतःहून उचलणारे रँचवाले तिथे आहेत. तेव्हा तिकडच्या आपल्या मुलांना एवढं जरूर कळवा: एखादा मालक फोनवर म्हणाला, की यंदा पिल्लं कमी दिसली म्हणून मी कोणालाच घेत नाही, तर फोन ठेवण्याआधी पुढच्या वर्षासाठी त्याच्याकडेच नाव नोंदवा.